थिएटरमधलं मत खरं की घरचं?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. दिवाळीच्या सुमारास त्या आणि त्यांचे मिस्टर मल्टिप्लेक्समध्ये एक मराठी सिनेमा बघून आले. दोघांनाही फार आवडला. तो ओटीटीवर आल्यावर त्यांनी सासूबाईंना मोठ्या कौतुकानं लावून दिला, तर सासूबाई मध्यंतराच्या आतच उठल्या. "काय बोलतात ते ऐकू येत नाही, नुसता अंधार, आणि गोष्ट पुढे सरकतच नाही." मग ताईंनी स्वतः पुन्हा बघितला, तर त्यांनाही तो पहिल्यासारखा वाटला नाही. त्यांचं म्हणणं: "आता मी मैत्रिणींना काय सांगू? माझं कुठलं मत खरं? आणि दोघांचे मिळून हजार रुपये घालवून थिएटरला जायचं ते कशासाठी?"

सिनेमाचं नाव त्यांनी दिलेलं नाही, ते बरंच झालं. नाव आलं असतं तर इथे त्या सिनेमावरच भांडणं लागली असती.

मी सिनेमांचं साउंड मिक्सिंग करतो. संवाद, पार्श्वसंगीत, पावलांचे, भांड्यांचे, वाऱ्याचे आवाज एकत्र बसवून अंतिम साउंडट्रॅक तयार करायचा, हे माझं काम. बरीच वर्षं ते करतोय, त्यामुळे एकच सिनेमा मोठ्या हॉलमध्ये, लहान खोलीत, हेडफोनवर आणि टीव्हीच्या स्पीकरवर ऐकणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. त्या अनुभवावरून सांगतो: ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत. सिनेमा चांगला आहे का, हा एक. आणि त्या दिवशी तुमच्यापर्यंत नेमका किती सिनेमा पोचला, हा दुसरा. आपण मत देतो ते दुसऱ्यावर आणि समजतो की पहिल्यावर दिलं.

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे हे आधीच मान्य करतो. टीव्ही केवढा, किती लांबून बघता, पंखा चालू होता का, वय काय, बोली ओळखीची आहे का, सलग बघितला की तीन संध्याकाळी मिळून. थिएटरही सगळी सारखी नसतात. काही थिएटरं तुमच्या हॉलपेक्षा वाईट आहेत, त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी आवाज, कारण सासूबाईंची पहिली तक्रार तीच आहे आणि ती शंभर टक्के खरी आहे. त्यांचे कान तपासायला नेऊ नका.

थिएटरसाठी मिक्स करताना आमची खोली एका ठरलेल्या पातळीवर लावलेली असते. पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरमधून ठरावीक चाचणी-आवाज सोडला की बसण्याच्या जागी ८५ डेसिबल यायला हवेत. आवाजाच्या प्रोसेसरवर ही खूण ७ या आकड्यावर असते. त्या पातळीवर कुजबुज कुजबुजीसारखी आणि आरोळी आरोळीसारखी ऐकू येते, आणि दोन्हींमध्ये भरपूर अंतर ठेवता येतं. त्या अंतरातच सगळी मजा आहे. शिवाय ५.१ च्या, म्हणजे पाच दिशांचे स्पीकर आणि खर्जासाठी एक वेगळा अशा मिक्समध्ये जवळजवळ सगळे संवाद एकट्या मधल्या स्पीकरमधून येतात आणि गाणं, वारा, गर्दी आजूबाजूच्या स्पीकरना वाटून दिलेली असते. म्हणून ढोल वाजत असतानाही आईनं मुलाला मारलेली हाक तुम्हाला वेगळी ऐकू येते.

आता हाच ट्रॅक टीव्हीवर येतो. टीव्हीला स्पीकर दोन, तेही पातळ, बहुधा खाली किंवा भिंतीकडे तोंड केलेले. मधल्या स्पीकरचे संवाद डाव्या-उजव्यात ओतले जातात, त्याच डाव्या-उजव्यात ढोलही असतो, आणि खर्जातल्या आवाजांचा वेगळा ट्रॅक बहुतेक वेळा सरळ गाळला जातो. त्यात तुम्ही आवाज ठेवता शेजाऱ्यांना चालेल एवढा. कमी आवाजात माणसाच्या कानाला खर्जातले स्वर सगळ्यात आधी ऐकू येईनासे होतात, हा कानाचाच गुण आहे. कुजबुज पंख्याखाली बुडते. छताचा पंखा आमच्या मीटरवर ४५-५० डेसिबल सहज दाखवतो. म्हणून तुम्ही रिमोट उचलून आवाज वाढवता, तेवढ्यात गाणं सुरू होतं, तुम्ही दचकून कमी करता, आणि सिनेमा संपेपर्यंत रिमोट हातातून सुटत नाही. ज्याच्या हातात रिमोट आहे तो माणूस सिनेमात नसतो.

यावर उपाय असतो. घरासाठी वेगळा मिक्स करायचा, लहान खोलीत, जवळच्या स्पीकरवर, कुजबुज थोडी वर आणि आरोळी थोडी खाली आणून. नेटफ्लिक्ससारखे प्लॅटफॉर्म तर संवादांची सरासरी पातळी किती असावी तेही ठरवून देतात. पण हा जास्तीचा खर्च आहे, आणि मराठी निर्मात्याचे पैसे बहुतेक वेळा त्याआधीच संपलेले असतात. मग थिएटरचाच ट्रॅक थोडा हलवून पुढे पाठवला जातो. तुमच्या सासूबाईंनी जे ऐकलं ते बहुधा असंच काहीतरी असणार. त्यात पात्रं वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलत असतील आणि आवाज चित्रीकरणाच्या जागेवरच घेतलेला असेल, तर अर्धी वाक्यं जाणारच. लोक मग इंग्रजी सबटायटल लावतात, आणि नजर चेहऱ्यावरून निघून पडद्याच्या तळाशी जाऊन बसते.

एक नेमकं उदाहरण देतो. 'द डिसायपल' हा शास्त्रीय गायकावरचा मराठी सिनेमा आपल्याकडे ३० एप्रिल २०२१ला थेट नेटफ्लिक्सवर आला, त्यामुळे बहुतेकांनी तो घरीच बघितला. त्यात नायक रात्री मोकळ्या रस्त्यावरून मोटारसायकलवर जातोय, मागे तानपुरा आणि त्यावर माई या पात्राचा, सुमित्रा भावे यांनी दिलेला आवाज, असे लांबलचक प्रसंग आहेत. पुरुष गायकाचा सा काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, धरला, तर तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते. साध्या टीव्हीचे स्पीकर शंभर-दीडशे हर्ट्झच्या खाली हात टेकतात. म्हणजे खर्जाचा मूळ स्वर खोलीत येतच नाही. वरचे स्वरांश येतात आणि त्यावरून कान अंदाज बांधतो. ज्यांनी मला "संथ आहे, कंटाळलो" असं सांगितलं, त्यांपैकी काहींना मी ते प्रसंग हेडफोन लावून, दिवे बंद करून ऐकायला लावले. सगळ्यांचं मत बदललं असं नाही. पण कंटाळा कशाचा आला होता, हे त्यांना त्यानंतर नीट सांगता आलं.

आणि शांतता. ती तर घरी सगळ्यात आधी जाते. 'सैराट'चा शेवट आठवा. लहान मूल रडतंय आणि त्याचं रडणं ऐकू येत नाही. मी तो भरलेल्या थिएटरमध्ये बघितला होता. दोन तासांपूर्वी त्याच हॉलमध्ये लोक खुर्च्यांवर उभे राहून नाचत होते, आणि आता श्वास सोडल्याचा आवाज येईल म्हणून कुणी श्वासही सोडत नव्हतं. तो प्रसंग घरी लागतो तेव्हा शेजारचा कुकर, खालची रिक्षा, कुणाचा तरी फोन असं सगळं त्यात शिरतं. आवाज बंद झालाय की टीव्ही बिघडलाय, असा प्रश्नही लोकांना पडतो.

चित्राबद्दल थोडक्यात लिहितो, ते माझं खातं नाही. ताईंचा टीव्ही ४३ इंची आहे आणि सोफा दहा फुटांवर. हिशेब केला तर एवढ्या लांबून तो पडदा तुमच्या नजरेचे जेमतेम १८ अंश व्यापतो. थिएटरच्या मधल्या रांगेतून पडदा साधारण ४५ अंश भरतो. सिनेमा अगदी आडव्या चौकटीतला असेल तर टीव्हीचा वरखाली मिळून पाव भाग काळाच राहतो. लांबच्या दृश्यात शेताच्या बांधावरून चालणारा माणूस मग मुंगीएवढा होतो, आणि "काही घडतच नाही" असं वाटतं, कारण जे घडतंय ते दिसत नाहीये. अंधाराचं कारण मात्र टीव्हीचा उजेड कमी पडतो हे नव्हे. थिएटरचा पडदा मोजला तर टीव्हीपेक्षा मंदच निघतो. पण थिएटरात खोली काळी असते. घरी ट्यूबलाइट काचेत चमकते, आणि नेटवरून येताना सगळ्यात जास्त काटछाट होते ती काळ्या-करड्या छटांचीच. रात्रीचा वाडा दिसायच्या ऐवजी चौकोनी डाग दिसतात.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते. कुठे तिला ट्रूमोशन म्हणतात, कुठे मोशनफ्लो. क्रिकेटसाठी ठीक. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि ही सोय मध्ये स्वतःची चित्रं घुसवते, त्यामुळे लाखो रुपये खर्चून केलेलं छायाचित्रण संध्याकाळच्या मालिकेसारखं दिसायला लागतं. ती बंद करा, आजच.

पण हे सगळं वाचून "म्हणजे थिएटरमधलं मतच खरं" असं कुणी म्हणू नये. थिएटरही फसवतं, आणि ते माझ्या धंद्यातल्या माणसाला चांगलं माहीत असतं.

मोठा आवाज कशालाही भारी करतो. एकच तुकडा दोनदा वाजवा, दुसऱ्यांदा किंचित मोठ्यानं, तर दहातले आठ जण दुसरा चांगला म्हणतील. मिसळीत तर्री भरपूर ओतली की मटकी नीट शिजली आहे का ते कळत नाही, तसं पार्श्वसंगीताचं आहे. नायक गप्प उभा आहे, लिहिणाऱ्यानं त्याला काही दिलेलं नाही, नटाला काही सुचलेलं नाही, पण सगळ्या बाजूंनी व्हायोलिन भरून येतात आणि तुमचे डोळे ओले होतात. म्हणूनच मिक्स झाल्यावर आम्ही तो एकदा मुद्दाम लहान स्पीकरवर, हळू आवाजात ऐकतो. तिथे प्रसंग उभा राहिला तर तो प्रसंगाच्या जोरावर उभा आहे. कोसळला तर दिग्दर्शक माझ्याकडे बघतो आणि मी त्याच्याकडे. अशा वेळी दिग्दर्शकाचं पहिलं वाक्य बहुतेक "थोडा म्युझिक वाढवू या का?" असं असतं.

गर्दीही फसवते, पण तिचं गणित इतकं सरळ नाही. ३० जून २०२३ला 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा बायका गटागटानं, नटूनथटून, थिएटरात गेल्या होत्या. बहिणींबरोबर, भिशीच्या मैत्रिणींबरोबर पाहिलेला तो सिनेमा आणि मंगळवारी दुपारी घरी एकटीनं कपड्यांच्या घड्या घालत पाहिलेला तोच सिनेमा यांत फरक पडणारच. त्यातला पहिला अनुभव खोटा होता का? माझ्या मते नाही. तो सिनेमा तसा बघण्यासाठीच होता. पण मैत्रिणीला सांगताना "आम्ही बारा जणी गेलो होतो" हे सांगायला हवं.

याच्या पलीकडचं उदाहरण 'फँड्री'चं आहे. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. शेवटी जब्याचं कुटुंब डुकरामागे धावतंय आणि गाव बघत हसतंय. थिएटरमध्ये त्या वेळी प्रेक्षकांतूनही हसू येतं, मी ते ऐकलंय. मग जब्या दगड उचलतो आणि फेकतो तो सरळ कॅमेऱ्याच्या दिशेनं. हसणाऱ्यांच्या हॉलमध्ये बसून तो दगड अंगावर येतो. घरी तुम्ही एकटे असता, हसलेला नसता, तर दगड गावकऱ्यांना लागतो आणि तुम्ही वाचता. इथे गर्दी हा प्रेक्षकांचा भाग उरत नाही, सिनेमाचा भाग होतो. नागराज मंजुळे यांनी ते किती ठरवून केलं ते मला माहीत असण्याचं कारण नाही, पण मोठ्या पडद्यावर त्याचा परिणाम होतो तसा टीव्हीवर झालेला मी पाहिलेला नाही.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि 'संथ आहे' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये कॅमेरा लांब, स्थिर उभा असतो. उन्हाळी सुट्टीआधीचं कामकाज संपतं, माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात, आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. त्यानंतरही सिनेमा आहे, आणि जे त्यानंतर आहे त्यानं आधीच्या सगळ्याकडे बघण्याची नजर बदलते. थिएटरमध्ये तुम्ही त्या अंधारात अडकून पडता. घरी लोक संपला समजून टीव्ही बंद करतात. मला असे दोघे भेटलेत ज्यांनी 'कोर्ट'चा शेवट कधी बघितलाच नाही, आणि दोघांचंही मत होतं की शेवट अर्धवट वाटतो.

थांबवून, चहा करून, दुसऱ्या दिवशी पुढे बघितलेल्या सिनेमाला 'संथ' म्हणण्याचा अधिकार मी तरी कुणाला देत नाही. दिग्दर्शक आणि संकलक दोन तासांचा एक सलग चढ बांधतात. तुम्ही तो तीन ठिकाणी तोडला की प्रत्येक वेळी पायथ्यापासून चढावं लागतं.

आता काय करायचं ते. तक्रार ऐकली की मी आधी ती कुठल्या जातीची आहे ते बघतो. संवाद कळले नाहीत, अंधार फार, संगीत कानठळ्या बसवतं: या घरच्या तक्रारी असतील तर मी त्या सिनेमाच्या खात्यावर मांडत नाही, आधी खोली तपासतो. थिएटरमध्येही संवाद कळले नसतील तर दोन शक्यता. एक तर आमच्यातल्या कुणीतरी काम नीट केलं नाही, किंवा थिएटरवाल्यानं आवाज उतरवून ठेवलाय. हे सर्रास होतं. कुणीतरी एकदा "आवाज फार आहे" म्हणतो आणि प्रोसेसर ७ वरून ५ वर येतो, म्हणजे सहा-सात डेसिबल गेले, आणि पुढचे सगळे सिनेमे तसेच चालतात. मध्यंतरात बाहेर जाऊन सांगा. सांगितल्यावर वाढवतात, माझा अनुभव आहे.

"उत्तरार्ध घसरला", "ती बाई असं का वागली ते पटलं नाही", "शेवट चिकटवल्यासारखा वाटला" या तक्रारी मात्र सिनेमाच्या. त्या खोली बदलून जात नाहीत. थिएटरमध्ये व्हायोलिनच्या पुरात त्या जाणवल्या नसतील आणि घरी जाणवल्या असतील, तर घरचं मत जास्त भरवशाचं धरा. पात्र खरं वाटलं की नाही, हे ४३ इंचांवरही कळतं. मोबाइलवरही कळतं, जरी मोबाइलवर सिनेमा बघणाऱ्यांबद्दल मी घरी जे बोलतो ते इथे लिहिता येणार नाही.

हजार रुपयांचा प्रश्न रास्त आहे, आणि प्रत्येक सिनेमाला जा असं मी म्हणणार नाही. चार माणसं दिवाणखान्यात बसून भांडतायत अशा, लेखनावर चालणाऱ्या सिनेमासाठी मी स्वतः थांबतो, घरी शांतपणे बघतो आणि तोटा झाला असं वाटत नाही. पाऊस, माळरान, समुद्र, गाणं, भीती किंवा लांब शांतता यांवर जो उभा आहे त्याला जातो, आणि पहिल्याच आठवड्यात जातो, कारण मराठी सिनेमाला दुसऱ्या आठवड्यात दुपारचा एखादा शो उरतो. विनोदी असेल तर गर्दीच्या शोला. 'तुंबाड' २०१८ साली आला तेव्हा थिएटरात फार लोक गेले नाहीत, नंतर घरोघरी बघितला गेला, आणि सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. घरी बघितलेली माणसं पैसे देऊन परत गेली. तो पाऊस आणि तो वाडा टीव्हीत पुरेसा मावला नव्हता हे त्यांना आपसूक कळलं असणार.

मैत्रिणींना सांगताना मतासोबत जागा सांगा: "थिएटरला बघितला, आवाज दणदणीत होता, रडले" किंवा "घरी दोन दिवसांत बघितला, मधे कंटाळले". ऐकणारी स्वतःचा हिशेब करून घेते. मी तर कुणी नवीन सिनेमाबद्दल बोलायला लागलं की पहिला प्रश्न "कुठे बघितला?" हाच विचारतो. काही लोकांना तो खवचटपणा वाटतो.

सासूबाईंसाठी एवढं करून बघा. खुर्ची टीव्हीपासून सहा फुटांवर आणा. ट्यूबलाइट बंद, मागे एखादा लहान दिवा चालेल. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद. आवाजाच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारा पर्याय असतो, तो चालू करा. मला तो आवडत नाही, पण त्यांना कामाचा आहे. जमलं तर साधा साउंडबार घ्या, मधल्या स्पीकरचा असेल तर उत्तम. पंखा एकवर. आणि जिथून त्या उठल्या तिथून नाही, पहिल्यापासून, सलग लावा. एवढं करूनही त्या मध्यंतराच्या आत उठल्या, तर सिनेमा त्यांना आवडलेला नाही, आणि मग त्यांना समजवायला जाऊ नका.